शनिवारी घाणा बंद

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत. म्हणून गावांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांचा वंश म्हणजे आम्ही बेने इस्राएल ज्यू, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर, किहीमकर. भाषा मराठी झाली, बायका लुगडी नेसू लागल्या, आणि तरी शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे शब्बाथभर, घाणा थांबत राहिला.

मीही यंत्रावरच पोट भरते. औषधांच्या कारखान्यात पॅकेजिंग विभागात इंजिनियर आहे. गोळ्या ब्लिस्टरमध्ये भरणारी, त्यांवर फॉइल चिकटवणारी आणि पाकिटं कार्टनमध्ये सरकवणारी यंत्रं ही माझी जबाबदारी. ती चोवीस तास चालतात, शनिवारीही. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याजवळ नसते, फोनही उचलत नाही. त्या बदल्यात रविवार माझा, गणपतीतला आणि दिवाळीतला कामाचा दिवसही माझा. नोकरीच्या सुरुवातीलाच ही देवघेव ठरली आणि ती मोडायची वेळ आली नाही. सहकाऱ्यांना माझ्या शनिवारची सवय आहे, मला त्यांच्या चतुर्थीची आणि रोज्यांची.

परदेशातल्या कामात ही देवघेव नव्यानं सांगावी लागते. मे महिन्यात इटलीत बोलोन्याजवळच्या एका कारखान्यात आमच्या नव्या ब्लिस्टर लाइनची एफएटी होती. फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्ट म्हणजे यंत्र जहाजात चढण्याआधी ते बनवणाऱ्याच्या आवारात जाऊन कसून तपासायचं. बोलोन्याच्या परिसराला पॅकेजिंग व्हॅली म्हणतात. जगभरातल्या औषध कंपन्यांचे, चहाच्या पुड्या भरणाऱ्यांचे, चॉकलेट गुंडाळणाऱ्यांचे इंजिनियर तिथं येऊन जातात. मराठी माणसंही पुष्कळ भेटतात. ठाणे, अंबरनाथ, तारापूर, वाळूजच्या कारखान्यांतून कोणी ना कोणी तिथं जाऊन आलेलं असतं.

नवरा गणिताचा शिक्षक. मे महिन्यात त्याला सुट्टी. "तुझी एफएटी संपली की शब्बाथ कुठंतरी नीट पाळू आणि मग घरी येऊ," असं त्यानंच सुचवलं. त्याचं तिकीट आमच्या खिशातून, कामानंतरच्या दोन रात्रीही आमच्याच खर्चानं. कुठं जायचं यावर वाद झाला नाही. बोलोन्याहून व्हेनिस रेल्वेनं साधारण दीड तासावर. आणि शुक्रवारी सूर्य मावळल्यावर आम्ही वाहनात बसत नाही. ज्या शहरात मोटारीच नाहीत, तिथं पायी चालणाऱ्याला काही कमी पडत नाही.

आठवडा खाण्याच्या हिशेबातच गेला, तेही सांगायला हवं. आमच्यात रवंथ करणाऱ्या आणि खूर दुभंगलेल्या जनावराचंच मांस चालतं, आणि तेही आमच्या पद्धतीनं कापलेलं. मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. म्हणून तर आमच्या मटणाला आणि कालवणाला नारळाचं दूध असतं आणि मटणानंतर पानात दही पडत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. आणि बोलोन्या हे तर डुकराच्या मांसाचं आणि चीजचं शहर! मोर्तादेला तिथलंच, आणि ज्या सॉससाठी शहराची ख्याती आहे त्या रागूतही मांसाच्या जोडीला दूध पडतं, वर चीज भुरभुरतात. यजमानांनी पहिल्याच दिवशी फार आपुलकीनं जेवायला नेलं. माझ्याबरोबरचा सहकारी पक्का शाकाहारी. त्याच्यासमोर पार्मेजानोचा मोठा तुकडा आला. मी त्याला सांगितलं की पारंपरिक पार्मेजानो विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. त्यानं तुकडा हलकेच बाजूला सारला. मग आम्ही दोघांनी फळं, कोशिंबीर आणि माझ्या डब्यातल्या तिखटामिठाच्या पुऱ्या वाटून खाल्ल्या. यजमान बाईंनी पुरी तोडून चाखली, घटक पदार्थ विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी चेरीची टोपली आणून ठेवली. कोणी काय खात नाही याचा बाऊ न करता त्याला काय देता येईल हे बघणारी माणसं मला आपल्या गावांतल्यासारखीच वाटली.

नवरा दिवसभर बोलोन्याच्या कमानींखालून हिंडायचा आणि संध्याकाळी खोलीत किटलीच्या पाण्यावर उपमा करून ठेवायचा.

कामाची कसोटी गुरुवारी आली. ब्लिस्टर लाइनवर कॅमेरा असतो. एखाद्या कप्प्यात गोळी नसेल, अर्धी असेल, दुसऱ्याच रंगाची असेल तर त्यानं ती पट्टी ओळखून बाहेर फेकायची. आम्ही मुद्दाम खराब पट्ट्या तयार करून यंत्रात सोडतो आणि एकेक मोजतो. त्यातली एकही पुढं गेली तर चाचणी नापास, कारण पुढं ती पट्टी रुग्णाच्या हातात पडणार असते. आमची पांढरी गोळी चकचकीत ॲल्युमिनियमच्या कप्प्यात बसवलेली. फॉइलवरून प्रकाश असा परतायचा की रिकामा कप्पाही कॅमेऱ्याला भरलेला वाटायचा. काही पट्ट्या निसटल्या. मी डेव्हिएशन, म्हणजे तफावतीची नोंद, लिहिलं आणि सही थांबवली. तिकडच्या प्रकल्पप्रमुखांनी लगेच तोडगा सुचवला, "दिव्याची रचना बदलू, उद्या वेळ पुरला नाही तर शनिवारी चाचणी घेऊ, आमची माणसं येतील."

शनिवारी मी नसेन, हे प्रोटोकॉल ठरला तेव्हाच मी लेखी कळवलं होतं. तेच मी पुन्हा सांगितलं. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत जे पूर्ण होईल ते माझ्या सहीनं, त्यापुढचं उरलं तर यंत्र आमच्याकडे आल्यावर. घाईची सही मात्र नाही. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, मग तंत्रज्ञांना बोलावलं. दिव्याचा कोन कलता केला, पुढं विसरक काच बसवली, कॅमेऱ्याला नव्यानं शिकवलं. रात्री उशिरापर्यंत सगळे थांबले, मीही थांबले. शुक्रवारी सकाळी सगळ्या खराब पट्ट्या पुन्हा सोडल्या. प्रत्येक पट्टी बाहेर पडली. सह्या झाल्या.

सुट्टी नक्की असली की काम सैल पडतं, असं बरेच वरिष्ठ मानतात. माझा अनुभव उलटा आहे. शुक्रवारची संध्याकाळ ठरलेली असते म्हणून गुरुवारी रात्री कोणी टाळाटाळ करत नाही.

व्हेनिसच्या गाडीचा शेवटचा टप्पा पाण्यावरून जातो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा. डावीकडे वळून चालत राहायचं, गुल्ये नावाचा पूल ओलांडायचा आणि कान्नारेज्जो कालव्याच्या काठानं थोडं गेलं की घरांखालून एक बुटकी वाट आत, ज्यूंच्या जुन्या वस्तीत, शिरते. तिथं दगडाच्या चौकटीत खोबणी दिसतात. दरवाज्याच्या बिजागऱ्या तिथं बसवलेल्या असायच्या. नवऱ्यानं त्या खोबणीत बोट घातलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ तिथंच उभे राहिलो.

29 मार्च 1516 रोजी व्हेनिसच्या सिनेटनं ठराव केला की शहरातल्या ज्यूंनी इथल्या एका बेटावरच राहायचं. रात्री दरवाजे बंद. पहारेकरी ख्रिस्ती, पण त्यांचा पगार ज्यूंनी द्यायचा. भोवतीच्या पाण्यात गस्तीच्या नावा, त्यांचाही खर्च ज्यूंचाच. तिथले जुने भाडेकरू काढले आणि घरमालकांना एक तृतीयांश जास्त भाडं घ्यायची मुभा दिली. उद्योग ठरवून दिलेले, गहाणावर कर्ज देणं, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी. रात्री बाहेर पडायची सवलत होती ती वैद्यांना, कारण शहरातल्या रुग्णांना ते हवे असायचे. 1797 साली नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा ते दरवाजे उखडून जाळले गेले. जवळजवळ तीन शतकं!

मधल्या काळात माणसं वाढली, जमीन तेवढीच. म्हणून घरं वर चढली. बेटावरच्या मैदानाभोवतीच्या इमारती सात-आठ मजली आहेत, आणि मजले इतके बुटके की उंच माणसाला आत मान वाकवावी लागत असेल. मी खालून खिडक्यांच्या रांगा पाहत होते. पॅकेजिंगच्या कामात तीच गोळी कमीत कमी जागेत बसवायची धडपड असते. इथं माणसं तशी बसवली होती.

कोकणात आमच्या लोकांना कोणी असं कोंडलं नाही. नवगाव, पेण, रोहा, रेवदंडा इथं आम्ही गावातच राहिलो, शेजाऱ्यांच्या लग्नात गेलो, त्यांची भाषा आमची झाली. शनिवारी घाणा बंद ठेवायची सक्ती गावानं केली नव्हती आणि तो चालू ठेवायचीही केली नव्हती. पाळायचं की नाही, हे आमचं आम्ही ठरवलं. त्या मैदानात उभी राहून मला ही गोष्ट जेवढी मोठी वाटली तेवढी घरी ठाण्यात कधी वाटली नव्हती. बाहेरून घातलेलं कुंपण आणि आपण होऊन आखलेली मर्यादा लांबून सारखीच दिसतात. पण पहिल्यात माणूस मोजला जातो, दुसरीत तो स्वतः मोजतो.

मैदानात मुलं चेंडू खेळत होती, एका कोपऱ्यात बंदूकधारी शिपाई उभे. भिंतीवर अर्बित ब्लातास या शिल्पकाराची कांस्यशिल्पं आहेत. 1943-44 मध्ये इथून अडीचशेच्या आसपास माणसं छावण्यांत पाठवली गेली, परतणारे बोटांवर मोजण्याइतके. डॉ. ज्युसेप्पे योना तेव्हा समाजाचे अध्यक्ष होते. ज्यूंची यादी मागितली गेली. सप्टेंबर 1943 मध्ये त्यांनी यादी हाती लागू दिली नाही आणि स्वतःचा जीव दिला. वैद्यच होते ते.

उतरायला आम्ही मुद्दाम जुनं, छोटं अतिथीगृह घेतलं होतं. बहुतेक हॉटेलांत विजेच्या कार्डानं दार उघडतं आणि शब्बाथला ते आम्हाला चालत नाही. इथं पितळी गोंड्याची जड किल्ली होती, बाहेर पडताना ती मालकीणबाईंकडे ठेवायची. पहिला मजला, लिफ्टची गरज नाही. बाथरूमचा दिवा आधीच लावून ठेवला, पैसे आणि फोन कपाटात बंद केले.

शुक्रवारच्या जेवणाची नोंद आधीच केली होती. कालव्याच्या काठावर खबाद या ज्यू धर्मचळवळीच्या लोकांचं गॅम गॅम नावाचं कोशर, म्हणजे आमच्या आहारनियमांनुसारचं, उपाहारगृह आहे. सूर्यास्तापूर्वी तिथं बायकांसाठी मेणबत्त्या मांडून ठेवतात. ठाण्यात आई काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल घालून वात लावायची, मीही घरी तसाच दिवा लावते. इथं मेणबत्ती लावली, डोळ्यांवर हात धरला, आशीर्वाद म्हटला. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, खरी वाइन होती. आमच्याकडे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून शरबत करतात, कारण कोकणात कोशर वाइन कुठून मिळणार? सवयीनं जीभ त्या मनुकांची वाट पाहत होती.

आमच्या बाकावर फ्रान्सचं एक कुटुंब होतं आणि लष्करी सेवा संपवून हिंडायला निघालेला एक इस्रायली मुलगा. आम्ही भारतातले म्हणताच सगळ्यांनी "कोचीन?" असं विचारलं. नवऱ्यानं कोकण सांगितलं, नवगाव सांगितलं, तेलाचे घाणे सांगितले. तो मुलगा मुंबईत राहून गेला होता. त्यानं कुलाब्याच्या नरिमन हाउसचं नाव घेतलं आणि बाकावर शांतता पसरली. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथं रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. कुठल्याही वाटसरूला शब्बाथचं जेवण मिळावं म्हणून त्यांनी ते घर चालवलं होतं. व्हेनिसमध्ये आम्ही वाटसरू होतो आणि तसंच एक घर आम्हाला वाढत होतं. बाहेर शिपाई का उभे आहेत, हे त्या मुलानं विचारलं नाही, आम्हीही नाही.

शनिवारी सकाळी लवकर उठून रियाल्तोच्या मासळीबाजारात चालत गेलो. काही घ्यायचं नव्हतं, खिशात पैसेही नव्हते. दाविद रहाबी नावाचे ज्यू प्रवासी कोकणात आले तेव्हा त्यांनी आमच्या बायकांसमोर तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवल्यांची तेवढी निवडून बाजूला काढली, म्हणून हे लोक इस्राएलचे असं रहाबींनी ओळखलं, ही कथा आमच्या प्रत्येक घरात सांगतात. रियाल्तोच्या फळ्यांवर मी तीच निवड करत हिंडले. तार्ली चालेल, चंदेरी ओराता चालेल, ब्रान्झिनो चालेल. माकुल नाही, कोळंबी नाही, लांब पायांचे कोळ्यासारखे खेकडे नाहीत. एका घमेल्यात जिवंत वाम वळवळत होती, तीही नाही. "आईनं तार्ल्यांचं काय केलं असतं?" नवऱ्यानं विचारलं. आंबट-तिखट. व्हेनिसची माणसंही तार्ली तळून कांदा, व्हिनेगर आणि मनुकांत मुरवतात. आंबटाशिवाय तार्लीला चव नाही, हे दोन्ही किनाऱ्यांना ठाऊक आहे.

प्रार्थना स्पॅनिश सिनेगॉगमध्ये होती. उन्हाळ्यात तिथं, हिवाळ्यात समोरच्या लेव्हान्तीनमध्ये, अशी पद्धत. आत जायला आधी कळवावं लागतं, पासपोर्टची प्रत पाठवावी लागते, दारात प्रश्न विचारतात. बाहेरून साधी भिंत, आत लाकूड, संगमरवर, झुंबरं. बायकांनी वर बसायचं, लंबगोल सज्जात. ठाण्याच्या आमच्या 1879 सालच्या शआर हाशमायिम सिनेगॉगमध्येही आम्ही वरच बसतो. पद्धत सेफार्दी, आमचीही तीच. चाली वेगळ्या होत्या, पण कुठं उठायचं, कुठं उत्तर द्यायचं, कुठं नुसतं ऐकायचं हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्या आठवड्याचा तोराचा जो अध्याय इथं वाचला जात होता, तोच साडेतीन तास आधी ठाण्यात वाचून झाला होता. पाचशेच्या आतला हा समाज आणि आमचा ठाण्यातला, दोन्हीकडची चिंता एकच. प्रार्थनेला दहा पुरुष जमणार का? त्या दिवशी जमले, त्यात माझा नवरा एक.

दुपारी मैदानातल्या झाडाखाली बसलो. नवऱ्यानं दानिएल बोंबर्गची गोष्ट सांगितली. तो अँटवर्पचा ख्रिस्ती माणूस, व्हेनिसला येऊन त्यानं हिब्रू छापखाना काढला आणि 1520 ते 1523 या काळात आमच्या धर्मकायद्याचा ग्रंथ, तल्मूद, पहिल्यांदा संपूर्ण छापला. मधोमध मूळ मजकूर, कडेनं भाष्यं आणि पानांचे ठरलेले क्रमांक. आजही जगभर तल्मूदचा दाखला त्याच पानांनी देतात. पाच शतकं न बदलता चालणारी मांडणी! आमच्या कार्टनवरची अक्षरं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मी ऐकत होते आणि दिव्याचा कोन, कॅमेरा, डेव्हिएशन यांतलं काहीच डोक्यात नव्हतं. संध्याकाळ फार लांबली. मे महिन्यात तिथं पावणेनऊपर्यंत उजेड असतो. आम्ही दोघं एवढं सलग कधी बोलतो? घरी मी पाळीचं पत्रक पाहत असते, तो पेपर तपासत असतो.

चांदण्या दिसल्यावर शब्बाथ संपवणारा हवदाला म्हटला आणि फोन उघडला. कामाचा एकही निरोप नव्हता.

रविवारी विमानापूर्वी मार्गदर्शकाबरोबर जुन्या सिनेगॉगच्या जिन्यानं वर चढलो. ज्यूंना स्वतःच्या मालकीची जागा घेता येत नव्हती, म्हणून भाड्याच्या घरांच्या सर्वांत वरच्या मजल्यावर सोळाव्या शतकात ही प्रार्थनागृहं बांधली. खालून ओळख एवढीच की पाच खिडक्या एका ओळीत दिसतात, मोशेच्या पाच ग्रंथांच्या. कोपऱ्यावरच्या बेकरीतून बदामाचं सारण भरलेली इम्पादे घेतली. त्यातली बरीच विमानातच संपली, उरलेली सासूबाईंना दिली. त्यांनी एक तोडून पाहिली आणि सारणात वेलची हवी होती असं सांगितलं.

लाइन आता आमच्या कारखान्यात बसली आहे. रिकामा कप्पा कॅमेऱ्याला बरोबर दिसतो.

एफएटीला बोलोन्याच्या बाजूला जाणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सुचवते. शेवटच्या दिवशी खरेदीला मिलानला धावू नका, व्हेनिसची गाडी पकडा. सान मार्कोची गर्दी टाळून कान्नारेज्जोच्या काठानं त्या बुटक्या वाटेनं आत जा, संग्रहालयाच्या मार्गदर्शकाबरोबर सिनेगॉग बघा, आणि बरोबर घरचं माणूस असेल तर फारच चांगलं. रविवारी जा. शनिवारी तिथं सगळं बंद असतं.